दहा लाख रेषा

“डोळ्यांमागचा तंतूंचा जुडगाही वाढलाय,” शंकाताई म्हणाली.

सरासरीने स्क्रीनवरून नजर काढली नाही. तो प्रयोगशाळेतला संख्याशास्त्रज्ञ. ‘सरासरी बघता’ हे त्याचं पालुपद, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं. “बरंय की. वाढू दे बिचाऱ्याला.”

“अरे, पण का? ती बघण्याची वाट आहे. या लोकांची वाचा गेली होती, डोळे शाबूत होते.”

“सरासरी बघता, सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं की तुझा संशय जास्तच फोफावतो.”

“पायांकडे जाणारा जुडगाही वाढलाय. उजवीकडचे झाडून सगळे वाढलेत. तेही साधारण एकाच पटीने.”

आता मात्र त्याने खुर्ची वळवली. “सगळे?”

“सगळे. वर्गातल्या एका पोराला चांगले मार्क पडले तर त्याने अभ्यास केला म्हणू. सगळ्या वर्गाला एकदम सारखेच जास्त पडले, तर काय म्हणशील?”

“पेपर तपासणारा उदार होता.”

“तो उदार माणूस कोण, ते मला हुडकायचंय,” शंकाताई म्हणाली आणि तिने पदरमोड करून आणलेला स्वतःचा माउस पुढे ओढला. प्रयोगशाळेच्या माउसवर तिचा विश्वास नव्हता.

तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. इथे ती शंकाताईच. दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचून झाल्यावर ती पिशवीचा वास घेई आणि मग तारीख पुन्हा वाचे. लिफ्टमध्ये शिरण्याआधी आतल्या माणसांकडे बघून मनातल्या मनात वजनांची बेरीज करी. एका वाढदिवसाला सगळ्यांनी मिळून तिच्यासाठी केक आणला, तेव्हा सुरी हातात घेण्याआधी तिने विचारलं होतं, “कुणाचं काय काम अडलंय माझ्याकडे?” लोक हसले होते. काम खरंच अडलं होतं, ही गोष्ट वेगळी.

सोळा वर्षं ती मेंदूची चित्रं तपासत होती. माणूस मशिनमध्ये आडवा होई, मशीन खडखडाट करी आणि जी माहिती येई ती शंकाताईच्या टेबलावर. मशिनला मेंदूतले तंतू दिसत नाहीत. त्याला एवढंच कळतं, की अमुक ठिकाणी पाण्याचे कण कोणत्या दिशेने जास्त सहज सरकतात. तंतूंच्या कडेकडेने पाणी सरकतं, आडवं फारसं जात नाही. त्यावरून संगणक अंदाज बांधतो, एका ठिपक्यापासून निघतो, पाऊल पाऊल पुढे जातो आणि मागे एक रेषा सोडतो. अशा लाखो रेषा झाल्या की मेंदूत रंगीत केसांचा पुंजका भरल्यासारखं चित्र तयार होतं. बघणाऱ्याचे डोळे दिपतात.

नव्याने कामाला आलेल्या प्रत्येकाला ती एकदा तरी ऐकवी, “रेषा म्हणजे तंतू नव्हे हं. संगणक त्या वाटेने किती वेळा जाऊ शकला, एवढंच तो आकडा सांगतो. वाट सरळ आणि आखूड असली की तो हसत जातो. वळणाची असली की भरकटतो. माणूस मशिनमध्ये नुसता खोकला तरी आकडा पडतो. डोकं मोठं असलं तर चढतो. आकड्याला आधी विचारायचं, बाबा रे, तू आलास कुठून?”

आणि तरीही या एका आकड्याला तिने ते विचारलं नव्हतं. गेले आठ महिने.

तो आकडा असा होता. पक्षाघाताच्या झटक्यात ज्यांची वाचा गेली अशा माणसांना प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, एक व्यायाम दिला होता: शब्द बोलायचा नाही, गुणगुणायचा, आणि डाव्या हाताने ताल धरायचा. बोलण्याची मुख्य वाट मेंदूच्या डाव्या बाजूला. ती या लोकांची उद्ध्वस्त झालेली. पण सूर-तालाचं पुष्कळसं काम उजवीकडे चालतं, तेव्हा उजवीकडून आडवाटेने बोलणं परत आणता येईल, असा सरांचा विचार. व्यायाम करणाऱ्यांचे मेंदू आणि धडधाकट माणसांचे मेंदू शेजारी शेजारी मांडले, तेव्हा रुग्णांच्या उजव्या बाजूला रेषा जास्त निघाल्या. सरांनी रुग्णांच्या घरच्यांना बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. एक निरोगी मेंदू, एक रुग्णाचा. रुग्णाची उजवी बाजू लालभडक, दाट. “बघा, मेंदू नव्या तारा टाकतोय,” सर म्हणाले. टाळ्या वाजल्या. मागच्या रांगेतल्या एका बाईने डोळे पुसले. ती शंकाताईची वहिनी होती.

दादा त्या गटातच होता. कुठला क्रमांक त्याचा, हे शंकाताईला माहीत नव्हतं आणि तिने कधी शोधलंही नव्हतं.

दादा बसचा कंडक्टर. त्याचा आवाज असा, की तो ‘पुढे सरका’ म्हणाला तर बसच नव्हे, रस्त्यावरची माणसंही दोन पावलं पुढे सरकत. दीड वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला आणि उठला तेव्हा त्याच्याकडे एकच शब्द उरला होता. “तेच.” भूक लागली तरी तेच, राग आला तरी तेच, बहीण दारात दिसली तरी तेच. बाकी त्याला सगळं कळत होतं. टीव्हीवरच्या विनोदाला तो इतरांच्या आधी हसे.

आणि आज सकाळी, कामावर निघताना, शंकाताईने पुन्हा ते पाहिलं होतं. दादाने डाव्या हाताने पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवलं. वहिनीने तोंड फिरवलं.

“हात नाही. तोंड. पा... णी. म्हणा. पा...”

“तेच,” दादा म्हणाला.

“तेच नाही. पा. हातावर ताल घ्या. पा... णी.”

दादाच्या कपाळावर घाम आला. त्याने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले. तांब्या हाताच्या अंतरावर होता. वहिनीने तो उचलून मांडीवर घेतला होता. दारू सोडवायला बसलेल्या माणसासमोरून बाटली उचलावी, तसा.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सुरुवातीलाच सुचवलं होतं, की खुणांनी चालू दे, चित्रं दाखवू दे, त्याने काही बिघडत नाही. पण सरांचं ते चित्र पाहून आल्यापासून वहिनीने घरात खुणा बंद केल्या होत्या. खूण केली की तिकडे बघायचंच नाही. मानही हलवायची नाही. “तारा वाढताहेत ना? मग त्यांना काम नको द्यायला? खुणेवर भागलं तर त्या कशाला वाढतील?” वहिनीचं हे म्हणणं शंकाताईने आठ महिने ऐकून घेतलं होतं. एकदाही तिला विचारावंसं वाटलं नव्हतं, की वाढताहेत कशावरून?

ज्या बाईला केकचा संशय येतो तिला याचा कसा आला नाही? आज त्याचाच संशय आला, आणि म्हणून तिने ज्या वाटांशी बोलण्याचा काडीचा संबंध नाही, त्याही मोजून पाहिल्या.

उदार परीक्षक सापडायला फार वेळ लागला नाही. तो लपलेला नव्हताच. कुठल्या काळी कुणी तरी संगणकाला सांगून ठेवलं होतं, आणि पुढे येणारा प्रत्येक जण तेच वापरत आला होता: प्रत्येक डोक्यात दहा लाख रेषा पूर्ण होईपर्यंत थांबायचं नाही. सगळ्यांना सारखं. ऐकायला किती न्यायाचं.

“निरोगी डोक्याला दहा लाख,” ती सरासरीला म्हणाली. “घाव असलेल्या डोक्यालाही दहा लाख. पण डावीकडे घाव आहे तिथे रेषा पुढे जातच नाही. संगणक ती टाकून देतो, दुसऱ्या ठिपक्यावरून नवी सुरू करतो. दहा लाख तर भरायचेच आहेत. मग त्या जाणार कुठे?”

सरासरीने चष्मा काढला. “मोकळी वाट असेल तिथे.”

“दहा बसची माणसं नऊ बसमध्ये कोंबली, की नऊही बस भरभरून वाहतात. म्हणून बस मोठ्या झाल्या का?”

“सरासरी बघता...” तो थांबला. वाक्य पुढे गेलं नाही. मग म्हणाला, “सर म्हणतील, हा तुझा तर्क आहे. दाखव.”

दाखवायला कुणाचं तरी निरोगी डोकं हवं होतं. ते होतं. कामाला लागली त्या वर्षी मशिनची चाचणी घ्यायची म्हणून ती स्वतः आत झोपली होती आणि ती माहिती अजून होती. तिने स्वतःचा मेंदू उघडला. डावी बाजू, कानाच्या किंचित वर. दादाचा घाव साधारण कुठे आहे, हे घरच्यांना डॉक्टर सांगतात तेवढं तिला ठाऊक होतं. तिथे तिने संगणकावर एक गोळा काढला आणि आतलं सगळं पुसून टाकलं.

“असं स्वतःचं डोकं कुणी पुसतं का गं?” सरासरी म्हणाला. त्याला हसायचं होतं, जमलं नाही.

“इथून माझा आवाज गेला,” ती म्हणाली. “चला. दहा लाख.”

संगणक चालू लागला. सुट्टी असल्याने बाकीचे संगणक रिकामेच होते. त्यांच्यावर तिने दुसरा हिशेब लावला: सगळ्या रुग्णांची आणि निरोग्यांची डोकी पुन्हा, पण आता रेषांची संख्या सारखी ठेवायची नाही, ठिपके सारख्या दाटीने पेरायचे आणि ज्यातून रेषा निघेल ती निघेल, नाही निघाली तर नाही. दोघांनी डबे खाल्ले. सरासरी त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल काही तरी सांगत होता, ती हूं हूं करत होती.

दुपारी तिचं डोकं तयार झालं. एका दुपारीत, एकही सूर न गुणगुणता, शंकाताईच्या उजव्या बाजूच्या तारा वाढल्या होत्या. लालभडक, दाट. सरांच्या चित्राशेजारी लावलं असतं तर कुठलं कुठलं ते ओळखू आलं नसतं.

सर आले ते या संशोधनावरच्या लेखावर शेवटचा हात फिरवायला. लेख सोमवारी छापायला जाणार होता. सरांचे केस पांढरे, चाल तरुणाची. स्वतःच्या कामावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, आणि तीच पंचाईत होती.

त्यांनी उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. “हे डोकं कुणाचं?”

“माझं.”

“तुझा भाऊ या गटात आहे.”

“हो.”

“घरचं माणूस आलं की डोकं ठिकाणावर राहत नाही. माझंही राहिलं नसतं. मला सांग, तुझ्या मनात दुसरं काही नाही ना? भाऊ बोलत नाहीये म्हणून व्यायामावर राग?”

“आठ महिने डोकं ठिकाणावर नव्हतं सर. आज आलंय.”

सरांनी सरासरीकडे बघितलं. “आणि हिने तुला पटवलं.”

“मला नाही, आकड्यांना विचारा,” सरासरी म्हणाला. सरांसमोर पहिल्यांदाच त्याचं वाक्य ‘सरासरी बघता’शिवाय सुरू झालं असावं.

सरांनी खुर्ची ओढली आणि स्वतः तपासायला घेतलं. शंकाताई जे जे करी ते सगळं त्यांनी तिच्यावर केलं. गोळा भलत्या जागी तर काढला नाहीस? माहिती जुन्या मशिनची, नव्याची नाही, मग? ठिपके मोजायला चुकलीस तर? प्रत्येक प्रश्नाला ती उत्तर देत गेली. संशय घेतला जाणं तिला नेहमी आवडे. समोरचा लक्ष देतोय असं वाटे. आज आवडलं नाही.

“ठिपके सारखे ठेवल्यावर उजवीकडचा फरक किती उरला?” सरांनी शेवटी विचारलं.

“आहे की नाही सांगता येणार नाही, इतका.”

“म्हणजे वाढ नाही.”

“तेही म्हणता येत नाही. व्यायामाआधीचं चित्र आपण घेतलंच नव्हतं. शिवाय ही माणसं मशिनमध्ये जास्त हलतात, त्याने आकडा खाली येतो. खरी वाढ असेल तर ती त्यात झाकलीही गेली असेल. आपल्याला माहीत नाही, एवढंच माहीत आहे.”

“लेखात मर्यादा लिहितो त्या परिच्छेदात एक वाक्य घालू.”

“ते वाक्य कुणी भिंतीवर लावत नाही सर. चित्र लावतात. माझ्या घरात लावलंय.”

सर स्क्रीनवरून तिच्याकडे वळले.

“वहिनीने खुणा बंद केल्यात. पाणी हवं तर ‘पा’ म्हणायचं. बोट दाखवलं तर ती बघत नाही. तारा आळशी होतील म्हणून.”

“असं मी कधीच सांगितलं नव्हतं.” सरांचा आवाज चढला.

“नाही. तुम्ही फक्त चित्र दाखवलंत. आणि ते मी काढलं होतं.”

मग सर उठून बाहेर गेले. काचेतून दिसत होतं: पॅसेजमध्ये लावलेल्या त्याच चित्राच्या मोठ्या प्रतीच्या चारही कोपऱ्यांतल्या पिना त्यांनी नखाने काढल्या, चित्राची गुंडाळी केली आणि ती हातात घेऊन उभे राहिले. कचऱ्याच्या डब्याकडे दोन पावलं गेले, परत आले. शेवटी ती काखेत धरूनच आत आले.

“लेख थांबवतो. बाकीच्या घरांना मीच फोन करीन. व्यायाम थांबवू नका म्हणून सांगीन, कारण तो निरुपयोगी आहे हेही आपल्याला माहीत नाही. तुझ्या घरी...”

“मी सांगते.”

“शब्द जपून.”

“जपण्यासारखा एकच आहे,” ती म्हणाली. “‘माहीत नाही.’ तोच सगळ्यात महाग पडणार आहे.”

घरी पोचली तेव्हा संध्याकाळचं ऊन गॅलरीत होतं आणि वहिनी चहा टाकत होती. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत. समोरच्या भिंतीवर ते चित्र, पारदर्शक कागदात, धूळ बसू नये म्हणून.

शंकाताईने चपला काढल्या, हात धुतले, पुन्हा धुतले. वहिनीने तिच्याकडे वळून पाहिलं. भावजय-नणंद म्हणून दोघींचं बरं चाले. वहिनी तिला जुन्या वळणाने ‘वन्सं’ म्हणे. आधी थट्टेत, पुढे सवयीने.

“काय झालं वन्सं? दूध नासलंय की जग?”

“वहिनी, इथे ये. दादासमोरच सांगते. त्याच्याबद्दल आहे, त्याला वगळून नको.”

आणि तिने सांगितलं. बस वापरूनच सांगितलं, कारण या घरात बस सगळ्यांना कळे. एक गाडी बंद पडली, माणसं बाकीच्या गाड्यांत चढली, गर्दी दिसली, आणि आम्ही म्हणालो गाड्या मोठ्या झाल्या. मी माझ्याच मेंदूची डावी बाजू खोटी खोटी पुसली, तर माझ्याही उजव्या तारा वाढल्या. एका दुपारीत.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून ऐकत होती. गॅसवर चहा उकळून वर आला. तिने तो बंद केला, पण जागेवरून, मागे हात नेऊन, नजर न हलवता.

“म्हणजे तारा वाढल्याच नाहीत.”

“असं नाही म्हणत मी. त्या चित्रावरून ते कळत नाही.”

“म्हणजे वाढल्या असतील.”

“असतील. नसतीलही.”

“मग तुम्ही सोळा वर्षं तिथे करता काय?”

शंकाताई भिंतीवरच्या चित्राकडे बघू लागली.

“नाही, विचारते मी,” वहिनी म्हणाली. आवाज वर चढत नव्हता, त्याचीच भीती वाटत होती. “तुम्हाला दुधात खोट दिसते, लिफ्टमध्ये दिसते. आता माझ्या मेहनतीतही दिसायला लागली. सकाळ-संध्याकाळ मी या माणसासमोर गात बसते. शेजारचे हसतात, हसू देत. बहीण म्हणून तुम्ही एक दिवस तरी बसलात ताल धरायला? आणि आज येऊन सांगता, माहीत नाही!”

“मेहनत खोटी नाहीये. व्यायाम चालू ठेव. खरंच ठेव. मी फक्त...”

“फक्त काय?”

“खुणा बंद नको करूस. एवढंच सांगायला आलेय. त्या चित्राच्या जोरावर तू त्याच्याकडे बघायची थांबलीस वहिनी. ते चित्र तेवढ्या लायकीचं नाही.”

“मी बघायची थांबले?” वहिनी हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. “दीड वर्षं दुसरं काय बघितलंय मी?”

“तेच,” दादा म्हणाला.

दोघी वळल्या. त्याने ते ओरडून म्हटलं नव्हतं. दोन मोठी माणसं भांडत असताना तिसऱ्याने खाकरावं, तसं म्हटलं होतं. त्याचा डावा हात खुर्चीच्या हातावरून थोडा वर उठला आणि मग, सवयीने, पुन्हा खाली गेला. उठलेला हात कुणी बघत नाही हे त्याला एव्हाना पाठ झालं होतं.

वहिनीने तो खाली जाणारा हात पाहिला.

ती त्याच्यासमोर गेली आणि म्हणाली, “काय हवंय?”

दादा तिच्याकडे बघत राहिला. सापळा आहे की काय, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

“तोंडाने नको. मी विचारते, तुम्ही मान हलवा. पाणी?”

तो हलला नाही. मग फार सावकाश, जणू मान कुणी मागून धरून ठेवली आहे अशी, त्याने ती आडवी हलवली. नाही.

“चहा?”

नाही.

“कुठे दुखतंय? आत जाऊन पडायचंय? टीव्ही लावू?”

नाही. नाही. नाही. तिसऱ्या वेळी मान जरा मोकळी हलली.

वहिनीचे प्रश्न संपले. रोज विचारायचे प्रश्न तेवढेच असतात. तिने ओठ आवळले, शंकाताईकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याकडे.

“माझा राग आलाय?”

दादाने खाली पाहिलं. शंकाताईला वाटलं, तो ऐकून न ऐकल्यासारखं करील. तिने तसंच केलं असतं. पण त्याने डोकं वर केलं आणि बायकोच्या नजरेला नजर देऊन मान होकारार्थी हलवली. एकदाच.

“फार?”

हो.

“कधीपासून?” वहिनीने विचारलं, आणि मानेने याचं उत्तर येणार नाही हे लक्षात येऊन घाईने म्हणाली, “आजपासून? सकाळपासून? पाण्यावरून?”

नाही.

“मग? ते चित्र लावलं तेव्हापासून?”

हो.

वहिनी रडली नाही. भिंतीकडेही तिने पाहिलं नाही. तिने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढत आणली, त्याच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ ठेवली, आणि बसली.

“बरं,” ती म्हणाली. “अजून काय काय आहे? सगळं विचारते. चुकीचं विचारलं तर थांबवा.”

शंकाताई उठली. स्वयंपाकघरात जाऊन तिने गार झालेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला, आणि मधलं दार नुसतं लोटून घेतलं. पलीकडून वहिनीचा आवाज येत होता. एक प्रश्न, मग थोडी शांतता, मग पुढचा प्रश्न.